कूळ, भाडेकरू आणि औरंगपुऱ्यातली खोली



बारावीचा निकाल लागला की आपल्या गावांमध्ये एक ठरलेली धावपळ सुरू होते. मुलगी म्हणते, पुढे शिकायचंय, शहरात जायचंय. फीचं कसंबसं जमतं. मग प्रश्न येतो, राहायचं कुठे? वसतिगृहात नंबर लागला तर बरं, नाहीतर खोली पाहावी लागते. खोलीला डिपॉझिट लागतं आणि ते भरायला आई गटातून कर्ज उचलते. फुलंब्रीची असो, पैठणची असो, कन्नड-सिल्लोडची असो, मायलेकी संभाजीनगरला उतरतात आणि औरंगपुरा, गुलमंडी, खडकेश्वर, समर्थनगर अशा गल्ल्यांमधून ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी शोधत फिरतात.

औरंगपुराच का? कारण तो शहराचा जुना, मधोमध असलेला भाग. सरस्वती भुवन तिथे, पुस्तकांची दुकानं तिथे, भाजी मंडई तिथे, चौकात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंचा पुतळा तिथे. जुन्या वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू राहत आले. आज त्याच गल्ल्यांमध्ये कॉट बेसिसवर मुलंमुली राहतात.

खोली भाड्याने घेणारीला काही हक्क असतात का? असतात. ते आले कुठून, आणि कुठे येऊन थांबले, याचा इतिहास आज आपण बघणार आहोत.

कूळ आणि भाडेकरू

‘कूळ’ हा शब्द आपल्याला नवा नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कुळाचं नाव असणं म्हणजे काय, हे शेतकरी घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १९५० साली हैदराबाद राज्यात कूळ कायदा झाला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणून मान्यता मिळाली. मालकाच्या मनात आलं म्हणून त्याला बांधाबाहेर काढता येणार नाही, हे कागदावर आलं.

घराचा भाडेकरू म्हणजे शहरातलं कूळच म्हणा. फरक इतकाच की कूळ जमीन कसून पोट भरतं आणि भाडेकरू डोक्यावर छप्पर म्हणून खोली घेतो. पण भीती एकच, ‘उद्या निघा’ म्हटलं तर जायचं कुठे? कुळाच्या हक्काबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं. भाडेकरूच्या हक्काबद्दल गावात बोलणं होत नाही, कारण गावात आपण भाड्याने राहत नाही. पण आपल्या मुली राहतात, कामासाठी वाळूजला गेलेली सून राहते, नवऱ्याने टाकलेली बहीण राहते.

पिठाच्या पुड्या घेऊन उभ्या राहिलेल्या बाया

या हक्काची एक मोठी लढाई बायांनी लढली, तीही सातासमुद्रापार. पहिलं महायुद्ध चालू होतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जहाजांचे आणि दारूगोळ्याचे कारखाने जोरात चालले. कामगारांची गर्दी झाली, घरं कमी पडली आणि मालकांनी भाडी वाढवली. कित्येक घरांतले पुरुष लढाईवर गेलेले, घरी बाया आणि पोरं. वाढीव भाडं देणार कोण?

मेरी बार्बर नावाच्या एका गृहिणीच्या पुढाकाराने तिथल्या बायांनी ठरवलं, वाढीव भाडं द्यायचं नाही. घर खाली करायला अधिकारी आला की एक बाई घंटा वाजवायची. घंटा ऐकली की साऱ्या जणी हातातलं काम टाकून त्या जिन्यात गोळा व्हायच्या, वाट अडवायच्या आणि त्याच्यावर पिठाच्या पुड्या फेकायच्या. पीठ, घंटा आणि शेजारणी, एवढंच त्यांचं हत्यार. बघता बघता हजारो घरं या संपात आली. १७ नोव्हेंबर १९१५ ला भाडेकरूंना कोर्टात खेचलं, तेव्हा कोर्टासमोर एवढी गर्दी झाली की खटला सोडून द्यावा लागला. त्याच वर्ष संपायच्या आत ब्रिटनच्या संसदेने कायदा केला आणि भाडी युद्धाच्या आधी होती तिथे बांधून टाकली. मेरी बार्बर पुढे नगरसेविका झाली.

हे ऐकून आपल्याला परकं वाटू नये. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या आपल्या बायांची जातकुळी हीच.

मुंबईचा कायदा वेगळा, आपला वेगळा

तीच युद्धाची टंचाई मुंबईतही होती. गिरण्यांच्या शहरात चाळीची खोली मिळणं अवघड झालं, तेव्हा १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. १ जानेवारी १९१६ ला जे भाडं होतं ते प्रमाण धरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच गत झाली. मग १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा आला. त्यात १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं.

पण हे सगळं मुंबई इलाख्यात. आपण निजामाकडे. आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला तो १९५४ साली, हैदराबाद राज्याच्या विधिमंडळात. त्याने भाडेनियंत्रक नेमण्याची सोय केली. भाडेकरूला काढायचं तर मालकाला त्याच्यापुढे जाऊन कारण द्यावं लागे. विदर्भात आणखी तिसराच हुकूम होता, १९४९ चा.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्य एक झालं, पण भाड्याचे कायदे तीनच राहिले. पुण्याच्या वाड्यात राहणारीला एक कायदा, नागपूरच्या वाड्यात दुसरा आणि औरंगपुऱ्याच्या वाड्यात तिसरा. ही गंमत जवळपास चाळीस वर्षं चालली. मधल्या काळात शहर पार बदललं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. मग चिकलठाणा, सिडको, वाळूज. शिकायला आणि कामाला खेड्यांतून येणाऱ्यांची रीघ लागली. डिसेंबर १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. खोलीची गरज दहापट वाढली, कायदा मात्र १९५४ चाच.

मालकाचीही एक बाजू

इथे मालकाची बाजूही ऐकू. आपल्या गटांतही अशा बाया आहेत, ज्यांची तालुक्याला एखादी खोली भाड्याने आहे आणि त्यावरच घर चालतं.

भाडं चाळीस-चाळीस वर्षं जागच्या जागी राहिलं तर मालक दुरुस्ती कशाला करेल? मुंबईत तेच झालं. इमारती गळू लागल्या, मालक लक्ष देईनात. पावतीवर भाडं नाममात्र आणि पावतीबाहेर पागडी, असा व्यवहार वाढला. भाडेकरू एकदा बसला की उठत नाही, ही मालकाची धास्ती. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की भाडं कायमचं गोठवून ठेवणारी तरतूद आता न्याय्य राहिलेली नाही. त्यानंतर महाराष्ट्राने तिन्ही जुने कायदे रद्द करून एक कायदा केला. तोच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्या दिवसापासून औरंगपुरा आणि मुंबई एका कायद्याखाली आले.

हा कायदा प्रामुख्याने शहरांसाठी आहे, सरसकट सगळ्या खेड्यांना लागू नाही, हे ध्यानात ठेवा.

कायद्याने काय दिलं

यातल्या मोजक्या गोष्टी वहीत लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, पावती. भाडं घेतलं की लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास दंड आहे.

दुसरी, भाडेवाढ. भाडेकरूच्या भाड्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ करता येते. तीन हजारांच्या भाड्यावर ती एकशे वीस रुपये होते.

तिसरी, पाणी आणि वीज. भाडेकरूने खोली सोडावी म्हणून नळ बंद करणं, मीटर काढणं, संडासला कुलूप लावणं हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

चौथी, दुरुस्ती. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त नको.

पाचवी, काढून टाकणं. भाडेकरू भाडं देत असेल तर कायद्यात सांगितलेल्या कारणाशिवाय आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला काढता येत नाही. भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं.

सहावी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, करार. तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने आणायचा.

अकरा महिन्यांचा कागद

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मुलीचा तर अकरा महिन्यांचा करार आहे. हे अकरा महिने आले कुठून? वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी इंग्रजांच्या काळापासून सक्तीची आहे. ती टाळायला लोकांनी अकरा महिन्यांची युक्ती काढली. महाराष्ट्रात आता तिचा उपयोग नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि तो ऑनलाइन नोंदवता येतो.

पण एक खाच आहे. हा कागद बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. म्हणजे मुलगी भाडेकरू नाही, तिला राहायची फक्त परवानगी आहे. मुदत संपली की खोली सोडावी लागते, नाहीतर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. आणि त्या लेखी करारात जे लिहिलंय ते कोर्ट निर्णायक पुरावा धरतं. म्हणून मैत्रिणींनो, सही करण्याआधी कागद वाचून घ्या. डिपॉझिट किती, ते कधी परत मिळणार, वीजबिल कोणाकडे, रंगकामाचे पैसे कापणार का, मुदतीआधी सोडलं तर काय, हे त्यात आहे का बघा. तोंडी ‘बघू नंतर’ला काही किंमत नाही.

डिपॉझिटवर या कायद्याने मर्यादा घातलेली नाही. उलट पागडी आणि अनामत घेणं १९९९ मध्ये कायदेशीर झालं. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं तो म्हणतो. पण तो नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो.

भाड्याच्या घरात बाईचं नाव

करार बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असतो. तो गेला तर? कायदा सांगतो की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या घरात राहणारी घरातली व्यक्ती भाडेकरू होऊ शकते. विधवेला ‘आता तुमचा संबंध संपला’ असं म्हणता येत नाही.

आणि नवरा सोडून गेला तर? फेब्रुवारी २००५ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नवऱ्याने टाकलेली बायको भाड्याच्या घरात राहत असेल, तर घर खाली करण्याच्या दाव्यात ती स्वतः उभी राहून बाजू मांडू शकते. भाडं मात्र तिने भरत राहायला हवं. घटस्फोट झाल्यावर हा आधार आपोआप उरत नाही. म्हणून घटस्फोटाच्या निकालात राहत्या घराचं काय, हे स्पष्ट लिहून घ्यायचं. २००५ च्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर भाड्याचं का असेना. कोर्ट नवऱ्याला दुसरं घर द्यायला किंवा त्याचं भाडं भरायला सांगू शकतं.

दार उघडलंच नाही तर

इथवर जे सांगितलं, ते खोली मिळालेल्या बाईसाठी. जिला खोलीच नाकारली, तिचं काय?

नाकारणारा कधी सरळ बोलत नाही. आधी आडनाव विचारतो. मग गाव. मग ‘मटण-मच्छी खाता का?’ मग ‘मिस्टर कुठे असतात?’ आणि शेवटी ‘अहो, कालच दिली खोली’. पाटी मात्र पुढचे पंधरा दिवस लटकलेलीच असते. विधवा, टाकलेली, एकटी कमावणारी, दलित, मुसलमान, भटक्या जमातीतली, या प्रत्येकीला हा ‘काल’ ओळखीचा आहे.

औरंगपुऱ्याच्या चौकात ज्या दांपत्याला आपण हार घालतो, त्यांनाही हा अनुभव होता. मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवतात म्हणून १८४९ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं. पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं चरित्रकार सांगतात. पुढे १८६३ मध्ये याच दांपत्याने अडचणीत सापडलेल्या विधवांसाठी आपल्या घराचं दार उघडलं.

डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. दोन ओळखीच्यांकडे विचारलं, तिथेही सोय झाली नाही. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. एवढं शिक्षण गाठीशी, पण खोली नव्हती म्हणून बडोदा सोडावं लागलं. आपल्या लेकीही खोलीवाचून शिक्षण सोडून परत येतात, तेव्हा नुकसान नुसतं डिपॉझिटचं नसतं.

मग कायदा काय म्हणतो? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कुठल्या वस्तीत घर घ्यायला किंवा राहायला आडकाठी करणं गुन्हा ठरवलं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, या आजारामुळे घर भाड्याने नाकारण्याला मनाई केली. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींसाठी तीच मनाई लिहिली.

म्हणजे ‘मालकाचं घर, मालकाची मर्जी’ हे वाक्य कायद्याने तीन ठिकाणी अडवलं आहे. पण बाई एकटी आहे म्हणून, विधवा आहे म्हणून, दुसऱ्या धर्माची आहे म्हणून खाजगी मालकाने खोली नाकारली, तर त्याला थेट अडवणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये वंश आणि धर्मावरून घर नाकारण्याला बंदी करणारा कायदा झाला आणि १९७४ मध्ये त्यात बाई असण्याचं कारणही घातलं गेलं. तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही, पण तक्रार करायला जागा झाली. आपल्याकडे दोन-तीन गटांसाठी जे लिहिता आलं, ते बाईसाठी का लिहिता येऊ नये? एवढा साधा प्रश्न आहे.

गटाने काय करावं

मुलीला खोली पाहायला पाठवताना गटातली एक जाणती बाई सोबत जाऊ द्या. करार वाचल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. पैसे शक्यतो बँकेतून द्या, नोंद राहते. पावत्या, करार, मीटरचा फोटो एका पिशवीत ठेवा. वाद झालाच तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

ज्यांची स्वतःची खोली भाड्याने आहे, त्या मैत्रिणींनी आडनाव विचारण्याआधी थोडं थांबावं. भाडं वेळेवर देईल का, खोली नीट ठेवेल का, हे विचारायचा तुम्हाला पुरा हक्क आहे. करार नोंदवा, तो तुमच्याही संरक्षणाचा आहे.

आणि एक ठराव करता येईल. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि एकटी बाई, जात किंवा धर्म या कारणावरून खोली नाकारायला राज्याच्या कायद्याने मनाई करावी, अशा दोन ओळी. गटाच्या बैठकीत तो मांडा, ग्रामसंघात मंजूर करा आणि आपल्या आमदारांना द्या. कूळ कायदाही आधी कोणीतरी मागितला होता, मग झाला.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. तुमच्या गावातल्या किती मुली शहरात भाड्याने राहतात, किती जणींकडे नोंदवलेला करार आहे आणि किती जणींना खोली नाकारली गेली, एवढं वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. नावं नकोत, नुसते आकडे पुरेत.